तीर्थ पाण्यात मोजत नाहीत

आमच्या घरात पाण्याची चोरी होत होती आणि चोर घरातलाच होता. हे मला पहिल्यांदा कळलं ते दवाखान्याच्या वजनकाट्यावर.

माझ्या बायकोच्या किडन्यांनी काम सोडलं आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही इचोड्याहून बसनं आदिलाबादला जातो. तिथल्या दवाखान्यात तिला यंत्राला जोडतात आणि अंगात साचलेलं पाणी ते यंत्र काढून घेतं. जोडण्याआधी तिला काट्यावर उभं करतात. मागच्या खेपेला निघताना जेवढं वजन होतं त्याच्या वर जे भरेल ते पाणी, असा साधा हिशेब. तिला लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेला थेंबन् थेंब आतच राहतो. आधी पाय सुजतात, मग चेहरा, आणि फार झालं तर पाणी फुप्फुसात शिरतं. म्हणून डॉक्टरांनी तिचं दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं आहे. चहा, वरण, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात धरून.

आता गंमत अशी की मी भांड्यांचा दुकानदार. इचोड्याच्या मोठ्या रस्त्यावर, जिथं हैदराबादेकडचे आणि नागपूरकडचे ट्रक एकमेकांवर धूळ उडवतात, तिथं माझं दुकान आहे. माझ्या हातून एवढे पेले, पाण्याचे गुंड आणि बादल्या गेल्या आहेत की कुठल्याही भांड्यात किती पाणी मावेल ते मी नुसतं बघून सांगतो. म्हणून बायकोच्या पाण्याचा कारभार मी मोठ्या थाटात हाती घेतला. दुकानातून स्टीलची एक बाटली निवडली. रोज सकाळी ती मीच भरायची, झाकण मीच लावायचं, आणि तिनं दिवसभर त्यातलंच प्यायचं. पहिल्या दिवशी मी ती बाटली तिच्यापुढं अशी ठेवली की जणू राजानं जहागीर दिली.

ती म्हणाली, "एवढं दिलं न देवानं. पुष्कळ झालं."

"देवानं नाही, डॉक्टरनं," मी म्हणालो.

"डॉक्टरनं मोजलं. दिलं त्यानंच."

माझाही देवावर विश्वास आहे. पण तो गिऱ्हाइकावर असतो तसा आहे: बोलणं गोड करायचं आणि नजर हातावर ठेवायची. बायकोचं तसं नाही. दंडावर शीर जोडून जे ऑपरेशन करतात त्यानं तिचा डावा हात सारखा गुणगुणतो. कान लावला तर आत भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. दवाखान्यातले बाकीचे पेशंट त्या आवाजाला घाबरतात. ही दुपारी आडवी पडली की हात कानाशी घेते आणि म्हणते, "हात नाम घेऊन राह्यला." त्या हातात बांगड्या घालायला मनाई, म्हणून हिनं दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्या हातात चढवल्या. गल्लीतल्या एका बाईनं डाव्या मोकळ्या मनगटाकडं बघत तोंड वाकडं केलं, तर हिनं उजवा हात तिच्या कानाशी नेऊन खणखणावला.

अशी ही बाई चोरून पाणी पिईल हे कोणाला खरं वाटेल? मला वाटलं. मला लगेच वाटलं.

कारण काटा खोटं बोलत नव्हता. चैत्र सरता सरता दर खेपेला वजन जास्त भरू लागलं. तिथली सिस्टर तेलुगू. कामाला वाघीण, आणि सगळ्या पेशंटांना सारख्याच प्रेमानं रागावणारी. ती काट्याकडं बघायची, बायकोकडं बघायची आणि म्हणायची, "अम्मा, नीळ्ळु." नीळ्ळु म्हणजे पाणी. मग ती माझ्याकडं बघायची, आणि ते जास्त वाईट होतं.

"पानी जादा हुआ, अंकल. घर में कौन देता?"

"मीच देतो, मोजून," मी छाती काढून सांगितलं.

"फिर आप ही जादा देता," सिस्टर म्हणाली.

त्या दिवसापासून मी संशयी झालो. खरं म्हणजे आधीपासूनच होतो, पण आता त्याला कारण मिळालं.

घरात माणसं तीन. मी, बायको आणि माझी आई. मुलगी लग्न होऊन नांदेडकडं गेली. आई म्हातारी, पण ताठ. पहाटे आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं बसते. पितळेच्या बाळकृष्णाला पाण्यानं न्हाऊ घालते, पुसते, गंध लावते, आणि ते अंघोळीचं तीर्थ आम्हा दोघांच्या हातावर घालते. मीही रोज त्या रांगेत तळहाताची वाटी करून उभा राहतो आणि मग दुकान उघडतो. आई चोर असणं शक्यच नव्हतं. ती स्वतः स्वयंपाकघरातल्या माठावर ताट पालथं घालून त्यावर पाटा ठेवायची, सुनेला मोह होऊ नये म्हणून.

तेव्हा मी बायकोवर पाळत ठेवली.

पाळत ठेवायला जागा माझ्या दुकानासारखी दुसरी नाही. समोर बादल्यांची रांग टांगलेली, मागं पातेल्यांच्या उतरंडी. त्यांच्या आड उभं राहिलं की रस्ता दिसतो आणि माणूस दिसत नाही. आणि माझ्या संशयाला जागाही तिथंच होती, कारण दुकानाच्या पुढ्यात पाणपोई आहे. माझ्या वडिलांनी कडुलिंबाखाली दोन रांजण मांडले होते. दर उन्हाळ्यात ट्रकवाले, बाजाराला आलेली माणसं, इंद्रवेल्लीकडून बसनं उतरलेल्या बाया तिथं पाणी पितात. लग्न होऊन आली तेव्हापासून पाणी घालायचं काम बायकोकडं. आजारी पडल्यावर मी म्हणालो, यंदा दुसरं कोणी बघेल. तिनं ऐकलं नाही.

"तहानलेला माणूस पाण्यापाशी बसवायचा?" मी विचारलं होतं. "तुझा देव तरी काय, आणि तू तरी काय."

"मले प्याले नाई जमत. पाजाले जमते न. त्याच्यावर बी बंदी हाय का?"

डॉक्टरांनी त्यावर काही लिहून दिलेलं नव्हतं.

तर मी बादल्यांमागं उभा राहिलो. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. एक सरदारजी ड्रायव्हर आला, पगडी सोडून गळ्यात टाकलेली. बायकोनं रांजणात ओगराळं बुडवलं आणि त्याच्या ओंजळीत धार धरली. तो पीत राहिला. ती त्याच्या ओंजळीकडं बघत नव्हती, गळ्याकडं बघत होती. त्याची घाटी वर जायची, खाली यायची, आणि तिचीही तशीच. तो गेला. आता कोणी नव्हतं. ओगराळ्यात तळाशी पाणी राहिलेलं. मला वाटलं, पी, पी एकदा, म्हणजे मी बाहेर येतो आणि दोघं मिळून हसतो. खरं सांगतो, तिनं प्यावं असंच मला वाटत होतं. एवढ्या उन्हात एवढा विश्वास बघवत नाही.

तिनं ते उरलेलं लिंबाच्या बुडाशी ओतलं. ओल्या बोटांनी ओठ पुसले. मग ती बोटंही पदराला पुसली.

मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशीही बघितलं. तेच. आणि पुढच्या खेपेला वजन आणखी वाढलेलं.

आता माझा संशय पाहुण्यांवर गेला. बायको आजारी आहे हे कळल्यापासून घरात बायांची रांग. तलमडुगूकडची माझी चुलतबहीण, मागच्या गल्लीतली शिंपीण, भाजीवाली, सगळ्या जीव टाकणाऱ्या. कोणी शरबत देत असेल, कोणी नारळपाणी. मी दाराशी खुर्ची टाकून बसू लागलो आणि येणारीच्या पिशवीकडं बघू लागलो. चुलतबहीण म्हणाली, "दादा, तुमी काय टोलनाका उघडला का घरी?" मी म्हणालो, "हो, पावती फाडू का?" पण तिच्या पिशवीत नुसतंच जवसाच्या चटणीचं पाकीट निघालं.

त्याच आठवड्यात दुकानात चोरी झाली. तांब्याचा मधल्या मापाचा गडवा, वरच्या फळीवरचा, गायब. गडवा म्हणजे आमच्याकडं तांब्या. चकचकीत, पोटावर ठोक्याची नक्षी असलेला. मी दोन गिऱ्हाइकांवर संशय घेतला आणि त्यांना चहा पाजून पाजून बोलतं करायचा प्रयत्न केला. चहा वाया गेला.

मग ती सकाळ आली. बस इचोड्यातून निघाली आणि थोड्याच अंतरावर बायको खिडकीला धरून बसली. तिला श्वास घेता येईना. मागं टेकलं की छातीत बुडबुडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणून ती पुढं वाकून समोरच्या दांडीवर कपाळ टेकून बसली. मी एरवी बसमध्ये फार बोलतो. त्या दिवशी मी नुसता तिची पाठ चोळत राहिलो. ती मात्र बोलत होती, श्वासाच्या मधल्या फटीत, हळू. नाम घेत होती. कंडक्टरनं बस मध्ये कुठंही न थांबवता नेली, त्याचं भलं होवो.

दवाखान्यात तिला आधी ऑक्सिजन लावला, मग यंत्र. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "फुप्फुसात पाणी गेलं होतं. असं पुन्हा झालं आणि तुम्ही अर्ध्या रस्त्यात असलात, तर माझ्या हातात काही राहणार नाही. कुठून जातंय पाणी, ते शोधा."

घरी आलो. बायको निजली. आई देवळात कीर्तनाला गेली होती. मी सगळं घर शोधलं. कणगीमागं, पलंगाखाली, कपड्यांच्या पेटीत. कुठं बाटली नाही, लोटा नाही. शेवटी मी देव्हाऱ्यापुढं बसलो, कारण शोधायला दुसरं काही उरलं नव्हतं. म्हटलं, आता तूच सांग, तुझ्यावरच संशय घेतो. आणि बाळकृष्णाच्या मागं, तसबिरीच्या आडोशाला, मला माझा गडवा दिसला. पोटावर ठोक्याची नक्षी. आत तळाशी पाणी, वर तुळशीचं पान तरंगत होतं.

पूर्वी आई तीर्थ पळीनं द्यायची. पळी म्हणजे बोटाएवढा चमचा, त्यात पाणी ते केवढं. केव्हातरी पळीची वाटी झाली असणार. वाटीचा पेला. आणि आता गडवा. मी दुकानात जायच्या घाईत माझ्या हातावरचं तीर्थ पिऊन निघून जात होतो, आणि माझ्या पाठीमागं सुनेचं तीर्थ चालू होतं. सुनेचे पाय सुजले की म्हातारी तीर्थ वाढवत होती, आणि तीर्थ वाढलं की पाय सुजत होते.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात कशी आली नाही? सिस्टरनं विचारलं होतं: चहा? ताक? फळं? वरण? आम्ही सगळ्याला नाही म्हणालो होतो आणि ते खरं होतं. तीर्थ पाण्यात मोजत नाहीत. निर्जळी एकादशीलासुद्धा आमच्याकडं तीर्थ घेतात आणि उपास मोडत नाही. मी, थेंबाथेंबावर पहारा ठेवणारा, रोज त्याच रांगेत उभा राहून तीर्थ पीत होतो आणि माझ्याही मनात आलं नाही.

बायकोच्या मनात मात्र आलं होतं. ती उठल्यावर मी गडवा तिच्यापुढं धरला.

"सापडला का," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"शरीराले काय कळते, तीर्थ कोणतं न पाणी कोणतं." ती उठून बसली. "मी बाटलीतलं सोडलं होतं. तीर्थाले जागा ठेवली होती."

मी बाटली आणून बघितली. रोज संध्याकाळी ती रिकामी असायची, म्हणून मी कधी शंका घेतली नाही. ती दुपारी तुळशीला ओतून रिकामी करत होती. म्हणजे ही बाई दिवसभर वैशाखात कोरडी राहत होती, दुसऱ्यांना पाणी पाजत होती, आणि आपल्या वाट्याचं सगळं सासूच्या तीर्थासाठी राखून ठेवत होती. तरीही तीर्थ जास्त होत होतं.

"नाही म्हणायचं होतंस."

"आईले?"

मी गडवा खाली ठेवला. आईला नाही का म्हणवत नाही, ते मला ठाऊक होतं. माझे वडील ऐन उन्हाळ्यात दवाखान्यात वारले. तेव्हा त्यांना तोंडानं काही द्यायचं नाही असा हुकूम होता. ते पाणी मागत होते. आई भरलेला तांब्या मांडीवर घेऊन शेजारी बसली होती आणि हुकूम मोडायची तिची हिंमत झाली नाही. शेवटी थेंबही तोंडात न पडता ते गेले. त्यानंतर ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. आणि आता सून तिच्या डोळ्यांदेखत ओठ चाटत फिरत होती. पाणी द्यायला बंदी. तीर्थाला बंदी कोणी केली नव्हती.

"मी सांगतो तिला," मी म्हणालो. "आजच."

"तुमी बोलान त आई त्याच दिवशी मरन. म्हणन, मी सुनेले बुडवलं."

"आणि नाही बोललो तर तू मरशील."

"पुढच्या खेपेलोक थांबा. मी देवाले सांगून ठेवलं हाय."

"काय सांगितलंस?"

"हे आईच्याच हातानं सुटू दे. तुमच्या नाई, माह्या नाई."

मला राग आला. डॉक्टरांचे शब्द कानात होते, आणि इथं ही देवाला मुदत देत होती. मी म्हणालो, तुझ्या देवानं आजवर काय दिलं, सुई दिली, यंत्र दिलं, तहान दिली. ती म्हणाली, "बसमधी श्वास नव्हता, तवा बी तो होता. मले आता काऊन सोडन?" पुढच्या खेपेपर्यंत मी थांबायचं कबूल केलं आणि गडवा होता तसा तसबिरीमागं ठेवून दिला. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी मी देव्हाऱ्यापाशी ठिय्या मारला, सवड आहे असं सांगून. माझ्यासमोर आईचा गडवा काही बाहेर येईना. पळीनंच तीर्थ दिलं. आई माझ्याकडं आणि मी आईकडं असे आम्ही दोघं चोरासारखे बघत होतो.

खेपेच्या दिवशी बायको आईला म्हणाली, "आई, या खेपेले तुमी चला न संगं. मागच्या वेळी मले लय भेव वाटलं."

मी चमकलो. तिला भेव वाटतं हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आईनं पदर डोक्यावर घेतला, सोडला, पुन्हा घेतला. "मी कायले तथी," म्हणाली. मग आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवीत काहीतरी उभं होतं, वर फडकं बांधलेलं. मी काय आहे ते विचारलं नाही. भांड्याचा आकार फडक्यातून मला कळतो.

दवाखान्याच्या दारात आई थांबली. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि माझा हात घट्ट धरून आत आली. आत ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी एक यंत्र. बायकोच्या हातात सुया टोचल्या, लाल नळ्या भरल्या. आईनं डोळे मिटले, मग उघडले. घरात सुनेनं दुखणं कधी दाखवलं नव्हतं; ते असं समोर दिसल्यावर ती तिच्या पायाशी बसून तळवे चोळू लागली.

थोड्या वेळानं तिनं पिशवीचं फडकं सोडायला घेतलं.

तेवढ्यात बायको सिस्टरला हिंदीत म्हणाली, "सिस्टर, सास को बताओ ना, मेरा पानी किधर से निकलता."

सिस्टरला आपल्या यंत्राचं फार कौतुक. ती आईला हाताला धरून यंत्राच्या मागं घेऊन गेली. मीही गेलो, दुभाष्या म्हणून, आणि मजा सोडायची नाही म्हणूनही. "अम्मा, देखो. खून इधर से आता, साफ होता, वापस जाता. और बहू का नीळ्ळु, जो जादा हुआ, वो इस नली से बाहर."

आई वाकली. नळी बघितली. नळी जमिनीकडं जात होती.

"इच्यातून समदं जाते?" तिनं मला विचारलं.

मी सिस्टरला विचारलं. "सब. जो पिया, सब," सिस्टर म्हणाली.

"सकाळचं तीर्थ बी?"

हे हिंदीत कसं सांगायचं याचा मी क्षणभर विचार केला. "भगवान का पानी," मी म्हणालो.

सिस्टरनं आईकडं, गडव्याच्या पिशवीकडं, आणि मग पलंगावरच्या बायकोकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, आता ही ओरडणार आणि सगळं फुटणार. पण बायकोनं पलंगावरून मान हलवली, अगदी थोडी. सिस्टर हळू म्हणाली, "हां अम्मा. वो भी."

"अन् नळी कुठी जाते?"

"मोरी में."

आई गुडघ्यांवर बसली. नळीचं टोक फरशीतल्या जाळीत गेलेलं होतं. जाळीच्या कडेला कोणाची तरी चप्पल, आणि फरशी पुसायचं काळं फडकं वाळत घातलेलं. सांडलेल्या तीर्थावर पाय पडला तर आई दिवसभर हळहळते. उरलेलं तीर्थ आमच्याकडं तुळशीला जातं, नाहीतर झाडाच्या बुडाशी. मोरीत कधी गेलेलं नाही.

मग तिनं त्या जाळीला हात जोडले. "चुकलं रे बाप्पा," म्हणाली. "मी तुले मोरीत धाडून राह्यली होती."

उठून ती बाहेर गेली, पिशवी घेऊन. मी मागं गेलो. दवाखान्याच्या आवारात एक करंज आहे. त्याच्या बुडाशी तिनं गडवा पालथा केला, शेवटचा थेंब झटकला, आणि रिकामा गडवा माझ्या हातात दिला.

"हे घे तुहा. मी दुकानातून आणला होता. तू चोर शोधून राह्यला होतास न?"

"हो."

"मंग सापडला."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं नवी पद्धत सुरू झाली. आई तुळशीचं एक पान तीर्थात बुडवते, झटकते, आणि सुनेच्या जिभेवर ठेवते. तिचं बाकीचं तीर्थ तिच्या नावानं तुळशीला. चुलतबहीण कुठल्याशा देवळातलं तीर्थ बाटलीत घेऊन आली तर आई दारातच आडवी झाली. "मोरीत धाडाचं हाय का तुले ते?" बहीण माझ्याकडं बघायला लागली. मी खांदे उडवले.

वजन उतरलं. सिस्टर आता काट्याकडं बघून हसते आणि मला अंकल म्हणते ते जरा सौम्य आवाजात. बायको बरी झाली असं नाही. यंत्र आहे, सुया आहेत, बस आहे, आणि भुंगा अजून हातात गुणगुणतो. पण बाटलीतलं पाणी आता ती पिते.

माझा स्वभाव मात्र गेला नाही. मला आईचा संशय आहे. एका दुपारी ती सुनेचे पाय चोळत होती. घोट्यावर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि वाकून बघितलं. "आज खड्डा नाई पडला," ती पुटपुटली. सुजलेल्या पायावर अंगठा दाबला की खड्डा पडतो, हे तिला कोणी सांगितलं होतं? ती किती दिवस तो खड्डा बघत होती? मोरीचं तिला खरंच एवढं लागलं, की थांबायला तिला एक कारण हवं होतं, सुनेला बुडवलं असं म्हणावं न लागणारं? मी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि मग आम्हा दोघांना ते माहीत असल्यासारखं वागावं लागेल.

बायकोला मात्र विचारलं. "देवाला सांगितलं होतंस ना, आईच्या हातानं सुटू दे म्हणून? मग सिस्टरला नळी दाखवायला कोणी सांगितलं? देवानं?"

"त्यानं मले सांगतलं, मी सिस्टरले," ती म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

गडवा मी परत फळीवर ठेवला होता. दोन गिऱ्हाइकांनी विचारला, मला तो विकवेना. शेवटी पाणपोईवर नेऊन ठेवला, ओगराळ्याच्या जागी. परवा दुपारी मी पुन्हा बादल्यांमागं उभा होतो. काही संशय नव्हता, सवय म्हणून. बायकोनं एका म्हाताऱ्याच्या ओंजळीत गडव्यानं पाणी घातलं. तो पिऊन गेला. मग वर न बघता ती म्हणाली, "या आता बाहेर. बादल्याइच्या मांगं काय करून राह्यले? चैतापासून पाहून राह्यली मी."

मी बाहेर आलो. उन्हानं माझाही घसा सुकला होता. मी खाली बसून ओंजळ धरली आणि तिनं धार सोडली.

"हळू प्या," ती म्हणाली. "मले पाहू द्या."

मी हळू प्यालो.